पार्सल न होणारा रस

भिवंडी हे गोदामांचं गाव. मुंबई-नाशिक महामार्गालगत, मानकोली-रांजनोलीच्या आसपास, कपडे, साबण, मोबाइल महिनोन्महिने फळ्यांवर पडून असतात. त्यांचं काही बिघडत नाही. त्याच रस्त्याकडेच्या रसवंतीतला उसाचा रस मात्र तासभरसुद्धा थांबायला तयार नसतो!

ऊस उभा असतो तोवर सगळं शिस्तीत चाललेलं असतं. पानात तयार झालेली साखर खोडात उतरते आणि पेशींमधल्या इवल्या कप्प्यांत साठते. बुडख्याकडची कांडी आधी पिकतात, म्हणून तीच जास्त गोड. आडसाली ऊस तर शेतात दोन पावसाळे पाहतो. आणि ऊन? बहुतेक झाडं कडक उन्हात मंदावतात, ऊस मात्र तेव्हाच जोमात साखर बनवतो. हवेतला कार्बन तो आधी चार कार्बनी अणूंच्या संयुगात पकडतो. ही युक्ती हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी 1966 साली उलगडली, तीही उसाच्याच पानांत. मला हे विलक्षण वाटतं.

मग चरक फिरतो, घुंगरू वाजतात आणि पेशींच्या भिंती फुटतात. इतके दिवस वेगळे ठेवलेले पदार्थ एकमेकांत मिसळतात. पॉलिफिनॉल ऑक्सिडेझ नावाचं विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीनं रसातल्या फिनॉलांवर काम सुरू करतं; हिरवट-पिवळा रस बघता बघता काळवंडतो. ल्युकोनोस्टॉकसारखे जिवाणूही साखरेवर तुटून पडतात, तिचं डेक्स्ट्रान बनवतात आणि रस बुळबुळीत होतो. चिपाडाची घडी करून आत लिंबू-आलं घालतात ते काही नुसतं चवीसाठी नव्हे. लिंबाच्या आंबटपणानं ते विकर मंदावतं.

महाराष्ट्रभर रसवंतीच्या धंद्यात पुरंदर तालुक्यातली, बोपगावच्या बाजूची माणसं पुष्कळ. म्हणून तर इतक्या पाट्यांवर तिथल्या गडावरच्या कानिफनाथांचं नाव दिसतं. पूर्वी चरक बैल ओढायचे. घुंगरू ही त्यांच्या गळ्यातल्या घंटांची आठवण, असं सांगतात.

तेव्हा भिवंडीवरून जाताना गाडी थांबवाच. बाटलीत भरून मागू नका, जगमध्ये आधीच काढून ठेवलेला घेऊ नका. ऊस समोर चरकात घालायला सांगा, आणि ग्लास हातात आला की तिथेच उभ्यानं पिऊन टाका.