कोळशाविना वीज : क्षमता आणि वास्तव

आमच्या गगनबावड्यात आषाढ-श्रावणात दिवसचे दिवस सूर्यदर्शन होत नाही. अशा गावच्या विद्यार्थ्याने सौरऊर्जेवर लिहावे, याचे कोणास हसू येईल. परंतु देशापुढील खरी अडचण येथूनच चांगली दिसते.

२०२१ साली ग्लासगो येथील हवामान परिषदेत भारताने २०७० पर्यंत कर्ब-उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचे वचन दिले. २०२५ मध्ये देशाच्या एकूण वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता सूर्य, वारा, पाणी, अणुशक्ती अशा साधनांची झाली, तीही मुदतीच्या पाच वर्षे आधी. ही अभिमानाचीच गोष्ट होय. तरीही २०२४-२५ मध्ये प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशाचीच होती.

हे कोडे कसे उलगडावे? हजेरीपटावर नाव असणे वेगळे आणि तासाला हजर असणे वेगळे, हे आपणां विद्यार्थ्यांना सांगायला नको! सौर प्रकल्प वर्षभरात आपल्या क्षमतेच्या साधारण एक पंचमांश वीज देतो. साखर कारखान्यात चिपाडापासून वीज होते, पण हंगाम संपला की चिपाडही संपते. दिवे मात्र रात्री लागतात आणि पावसाळ्यातही लागतात.

म्हणजे प्रश्न साठवणुकीचा आहे. त्यावर एक उपाय उदंचन प्रकल्पाचा. दिवसाच्या जादा विजेने पाणी वरच्या तलावात चढवायचे आणि रात्री तेच खाली सोडून वीज घ्यायची. चार युनिट खर्चून सुमारे तीन परत मिळतात. अकोले तालुक्यातील घाटघर येथे असा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ पासून आहे.

उंच कडे आणि मुबलक पाणी सह्याद्रीत आहे, म्हणून असे प्रकल्प आमच्याच डोंगरांकडे वळणार. पण धरणाच्या पाण्यावर खालच्या गावांचा ऊस नि भात उभा असतो. भुदरगड तालुक्यातील पाटगाव धरणाचे पाणी अशा प्रकल्पास देण्याला २०२३ मध्ये लोकांनी विरोध केला, तो याच धास्तीने.

कोळसा कमी झालाच पाहिजे. पाऊस बेभरवशाचा झाला तर पहिला फटका शेतकऱ्यालाच बसतो. परंतु त्याची किंमत कोणी आणि किती मोजायची, हे दिल्ली-मुंबईत ठरण्यापूर्वी ग्रामसभेत विचारले गेले पाहिजे. तरच ते धोरण लोकांना आपले वाटेल.