सडकेकाठचें शेत

सेलूहून नागपूरच्या सडकेस लागलें म्हणजे केळझर मागें पडल्यावर कांहीं वेळानें सेलडोह येतें. मोटारींतून जाणाऱ्या मनुष्यास तेथें थांबण्याचें विशेष कारण दिसत नाहीं. परंतु आमच्या तालुक्यांतील ह्या गांवीं डॉक्टर जे. सी. कुमारप्पा यांनीं आपला पन्नई आश्रम मांडला होता. पन्नई ह्या तामीळ शब्दाचा अर्थ शेतवाडी असा आहे. ज्या सुमारास हा आश्रम चालला, त्याच सुमारास म्हणजे १९५१ सालीं, ह्या गृहस्थांनीं अशा एका देशाचा प्रवास केला कीं, ज्याचें दार बहुतेक जगानें बाहेरून लावून घेतलें होतें.

त्या प्रवासाची आठवण होण्यास कारण असें घडलें. परवां बाजाराच्या दिवशीं एक तरुण शेतकरी आमच्याकडे आला. कापसाचे पैसे नुकतेच त्याच्या हातीं आले होते. तो म्हणाला, "काका, लोक सिंगापूर-दुबईस जाऊन येतात. मला तसें जावयाचें नाहीं. क्यूबा किंवा उत्तर कोरिया यांसारखा, जगापासून तुटलेला, गरीब देश पाहावा आणि तेथला शेतकरी कसा जगतो तें आपल्या डोळ्यांनीं पाहून यावें, असें मनांत आहे. जावें कीं न जावें?" आम्हीं त्यास लगेच उत्तर दिलें नाहीं. दोन दिवसांनीं जें सांगितलें तें येथें थोड्या विस्तारानें लिहितों. कारण हा प्रश्न एकट्या त्याचा नाहीं, आणि वऱ्हाड-नागपुराकडील शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत तो एकदां येऊन ठेपलाही होता.

कुमारप्पा हे तंजावरचे. जन्म १८९२ चा. हिशेबनिसाची विद्या आणि अमेरिकेंतील अर्थशास्त्राची पदवी घेऊन मुंबईंत बसलेला हा मनुष्य महात्मा गांधींच्या सहवासांत आला आणि खेड्यांचा झाला. १९३४ सालीं अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, तेव्हांपासून वर्ध्याची मगनवाडी हेंच त्यांचें ठिकाण. घाणी, हातकागद, हातसडीचे तांदूळ, मधमाश्या, मैल्याचें सोनखत ह्या गोष्टी त्यांनीं नुसत्या उपदेशिल्या नाहींत, तर पैचा हिशेब ठेवून करून दाखविल्या. काँग्रेसनें जमीन-सुधारणेसाठीं जी समिती नेमिली तिचेही तेच अध्यक्ष. तिचा अहवाल १९४९ सालीं प्रसिद्ध झाला. म्हणजे शेती पाहण्यास ह्यांहून जाणता डोळा मिळणें कठीण.

१९५१ सालीं पंडित सुंदरलाल यांच्या पुढारीपणाखालीं एक सदिच्छा मंडळ चीनला गेलें, त्यांत ते होते. चीनमध्यें नवें राज्य येऊन दोनच वर्षें झालीं होतीं. हिंदुस्थाननें त्यास मान्यता दिली होती; पण अमेरिकेनें दिली नव्हती, आणि राष्ट्रसंघांतील चीनची जागा त्या राज्यास १९७१ पर्यंत मिळाली नाहीं. कोरियांत लढाई चालू होती, अमेरिकेनें व्यापार तोडला होता. दीर्घ युद्धानें भाजून निघालेला, दरिद्री, एकाकी असा तो देश. तेथें जातो तो साधा प्रवासी नव्हे, पाहुणा असतो. त्याला घेण्यास माणसें येतात, दुभाषी मिळतो, मेजवान्या होतात, आणि कोणत्या गांवीं न्यावयाचें तें त्यांनीं आधींच ठरविलेलें असतें.

कुमारप्पा तेथून संतुष्ट होऊन आले व त्यांनीं त्यावर पुस्तकही लिहिलें. त्यांत नवल नाहीं. १९५० च्या कायद्यानें जमीनदारांची जमीन काढून कुळांस वांटली जात होती, आणि हिंदुस्थानांत ज्या सुधारणेसाठीं ते लेखणी झिजवीत होते ती तेथें प्रत्यक्ष घडतांना दिसत होती. शिवाय चिनी शेतकरी हा सोनखताचा जुना उपासक. मैला वायां घालविणें हें त्यास शतकानुशतकें पाप वाटत आलेलें. मगनवाडींत ज्या गोष्टीसाठीं लोक नाक मुरडीत, ती तेथें घरोघर चाललेली पाहून ह्या तपस्वी मनुष्यास काय वाटलें असेल, ह्याची कल्पना करतां येते.

परंतु जमीन वांटतांना गांवोगांव ज्या सभा भरत, त्यांत जमीनदार म्हणून ठरविलेल्या मनुष्यास लोकांपुढें उभें करून मारहाण होई. लाखों माणसें त्या वर्षांत प्राणास मुकलीं. हें पाहुण्यास दाखवीत नसत. आणि जो कागद १९५१ सालीं शेतकऱ्याच्या हातीं पडला, तो १९५६ संपतां संपतां निरुपयोगी झाला. कारण तोंपर्यंत बहुतेक सर्व कुटुंबांच्या जमिनी सामुदायिक शेतींत एकत्र केल्या गेल्या होत्या. त्यास नुकत्याच दिलेल्या जमिनी पांच वर्षांतच परत गेल्या.

येथें आमच्याही घरचें एक प्रकरण सांगणें प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आमची कपाशी पाहण्यास एक पाहुणेमंडळी येणार होती. आमचें सडकेकाठचें शेत विहिरीखालचें, काळ्या भारी जमिनीचें. नाल्यापलीकडचें शेत बरड. तेथें त्याच वाणाचीं झाडें गुडघ्यापर्यंतही आलीं नव्हतीं. आम्हीं पाहुण्यांस सडकेकाठचें शेत दाखविलें, निंबाच्या सावलींत बसवून पोहे आणि चहा दिला, आणि नाल्याकडचा विषय काढूं नको असें गड्यास बजावून ठेविलें. आमच्या तोंडून एकही शब्द खोटा गेला नाहीं. त्यांनीं आंकडा लिहून नेला, तो छापून आला, आमचें कौतुकही झालें. पुढील सालीं शेजारच्या दोघांनीं तो आंकडा वाचून तेंच वाण आपल्या बरड जमिनींत लाविलें. त्यांचे बियाण्याचे पैसेही निघाले नाहींत. त्यांतील एक गृहस्थ अजून आमच्या ओट्यावर चढत नाहींत.

तेव्हां चिनी यजमानांस दोष देतांना आमची जीभ थोडी अडखळते. यजमान चांगलें तेंच दाखवितो. पण पाहुणा जें पाहून जातो तें दुसऱ्याच्या शेतांत पेरलें जातें, हें त्या वेळीं कोणाच्याच ध्यानांत येत नाहीं.

ह्याचें एक ठळक उदाहरण युरोपांत घडलें. १९३३ सालीं रशियाच्या ताब्यांतील युक्रेन प्रांतांत सरकारनें धान्य उचलून नेल्यामुळें भयंकर दुष्काळ पडला व त्यांत पस्तीस-चाळीस लाख माणसें मेलीं. गव्हाचें कोठार म्हणून नांवाजलेला तो प्रांत. त्याच वर्षीं उन्हाळ्याच्या अखेरीस फ्रान्सचे माजी मुख्य प्रधान एरिओ तेथें सरकारी पाहुणे म्हणून गेले आणि सर्वत्र बहरलेली बाग पाहून आल्याचें त्यांनीं जगास सांगितलें. त्याआधीं मार्च महिन्यांत गॅरेथ जोन्स नांवाचा वेल्समधील एक तरुण वार्ताहर खारकोव्हच्या गाडींत बसला, पण मुक्कामाच्या अलीकडेच उतरला आणि पाठीवर खाण्याची पिशवी घेऊन रुळाच्या कडेनें खेड्याखेड्यांतून पायीं चालत गेला. त्यास रशियन भाषा येत होती. घरोघर लोकांनीं त्यास भाकर नाहीं, आम्ही मरत आहों, हेंच सांगितलें. त्यानें तें प्रसिद्ध केलें, तेव्हां मोठमोठ्या वार्ताहरांनीं त्यास खोटें पाडण्याचा यत्न केला. एरिओ हे विद्वान आणि अनुभवी होते, जोन्स सत्तावीस वर्षांचा पोरगा. परंतु एक ठरलेल्या वाटेनें हिंडला व दुसरा वाट सोडून चालला.

आतां हा प्रश्न आमच्या बांधावर कसा आला तें पाहूं. १९५६ सालीं हिंदुस्थान सरकारनें चीनची शेती पाहण्यास दोन मंडळें धाडिलीं. सहकारी शेती पाहणाऱ्या मंडळाचे प्रमुख आर. के. पाटील हे आमच्याच मुलखांतले, सनदी नोकरी सोडून देशकार्यांत पडलेले, पहिल्या नियोजन मंडळाचे सभासद. त्यांच्या हेतूविषयीं शंका घेण्याचें पाप आम्ही करणार नाहीं. मंडळाच्या बहुमताचा अहवाल सहकारी शेतीस अनुकूल पडला; दोन सभासदांनीं मात्र आपलें भिन्न मत लिहून जोडलें. एकच देश, त्याच यजमानांचा पाहुणचार, आणि मतें दोन.

पुढें जानेवारी १९५९ मध्यें नागपुरास काँग्रेसचें अधिवेशन भरलें. भावी शेतीचें रूप संयुक्त सहकारी शेतीचें असावें, जमिनी एकत्र कराव्या, मालकी हक्क राखून उत्पन्नाचा वांटा घ्यावा, असा ठराव तेथें झाला. चरणसिंगांनीं त्याच अधिवेशनांत त्यास विरोध केला. ठराव कागदावरच राहिला, म्हणून आज आमचा सात-बारा आमच्या नांवें आहे. पण त्या वेळच्या शेतकऱ्यांस तें ठाऊक नव्हतें. आपला धुरा राहतो कीं जातो ह्या चिंतेनें अनेक घरांत झोप उडाली होती. स्वेच्छेच्या सहकाराचे आम्ही वैरी नाहीं, आमची मंडळी सहकारावरच चालते. परंतु दुसऱ्या देशांत पाहुणा म्हणून पाहिलेल्या पिकाच्या भरंवशावर धुरे मोडणें ही निराळी गोष्ट.

आणि ज्या वेळीं नागपुरास हा ठराव होत होता, त्या वेळीं चीनमध्यें काय चाललें होतें? १९५८ सालीं सामुदायिक शेतें एकत्र करून मोठमोठे कम्यून उभारले गेले. जो तो जिल्हा दुसऱ्यापेक्षां मोठें उत्पन्न सांगूं लागला. सप्टेंबरांत क्वांगसी प्रांतांतील एका जिल्ह्यानें भाताचें जें पीक जाहीर केलें, तें हिशेब केला असतां एकरीं ३,९०० क्विंटलांहून अधिक भरतें. वाचकांनीं हा आंकडा पुन्हां एकदां वाचावा. अनेक शेतांतील तयार भात उपटून एकाच शेतांत दाटीनें रोवून ही किमया केलेली होती. शेतकऱ्याचें पोर जें हंसून सोडून देईल, तें वर्तमानपत्रांनीं छापलें आणि वरिष्ठांनीं मानलें. कारण न मानणाऱ्याची धडगत नव्हती. मग त्या कागदी पिकाच्या मानानें लेव्ही बसली, खऱ्या कणग्या रिकाम्या झाल्या, आणि १९५९ सालीं चीननें चाळीस लाख टनांहून अधिक धान्य परदेशीं पाठविलें. १९५९ ते १९६१ ह्या तीन वर्षांत भुकेनें मेलेल्यांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. तेव्हांही परदेशी पाहुणे जात-येत होते आणि दुष्काळ नाहीं असें परत येऊन सांगत होते. कुमारप्पा ३० जानेवारी १९६० रोजीं मदुरेस वारले. त्या दिवशीं तो दुष्काळ ऐन भरांत होता.

मग असल्या देशांत जाऊंच नये काय? आमचें मत तसें नाहीं. उत्तर कोरियाविषयीं मात्र आम्हीं त्या तरुणास मोडता घातला. तेथें परदेशी प्रवाशास वाटाड्यांवांचून पाऊल टाकतां येत नाहीं. १९९० नंतरच्या दशकांत तेथें लाखों लोक उपासमारीनें मेले. २०२० च्या जानेवारींत तर त्या देशानें आपली वेस प्रवाशांस बंदच केली, आणि २०२४ सालीं ती पुन्हां किलकिली केली ती प्रथम रशियनांसाठीं. तेथें पैसे देऊन एरिओंचाच प्रवास पदरीं पडेल.

क्यूबाची गोष्ट वेगळी. १९६२ पासून अमेरिकेनें त्याचा व्यापार तोडलेला; त्याच वर्षापासून धान्य शिधापत्रिकेवर. १९९१ सालीं रशियाचें सोव्हिएत राज्य कोसळलें, तेव्हां तेल आणि खत येणें बंद पडलें, ट्रॅक्टर जागीं उभे राहिले, आणि शेतकऱ्यांनीं पुन्हां बैल माणसाळविले. आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं गेल्या वीस वर्षांत बैलजोडी विकली, त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. हा देश उंसाचा. १९७० सालीं एक कोटी टन साखरेचा पण केला होता, साडेपंच्याऐंशी लाखांच्या आंत-बाहेर झाली. पुढें २००२ सालीं निम्म्याच्या सुमारास कारखाने बंद केले, आणि आतां त्यास साखर बाहेरून आणावी लागते. २०२४ च्या ऑक्टोबरांत साऱ्या देशाची वीज एकदम गेली होती. परंतु तेथें गृहस्थाच्या घरीं खोली भाड्यानें घेऊन राहतां येतें; १९९७ पासून तशी मुभा आहे. पैसा सरकारी हॉटेलाऐवजीं घरधनिणीच्या हातीं पडतो, आणि सकाळीं चुलीपाशीं बसलें म्हणजे दुभाष्यावांचूनही पुष्कळ समजतें.

जाणाऱ्यानें काय पाहावें, हें शेतकऱ्यास शिकवावयास नको. भिंतीस चुना एका दिवसांत लागतो, बैलाच्या बरगडीवर मांस एका दिवसांत चढत नाहीं. उकिरडा किती उंच आहे, बियाण्याची कणगी कितपत भरली आहे, फळझाडें सरपणासाठीं तोडलीं गेलीं काय, बाजारांत मीठ आणि साबण काय भावानें मिळतात, हें पाहावें. मात्र फार खोदून विचारूं नये. आपण आठ दिवसांनीं परत येतों. आपल्याशीं मोकळें बोलणारा मनुष्य तेथेंच राहतो, आणि पुढें विचारपूस त्याची होते. परत आल्यावर त्याचें नांव-गांव कोणास सांगूं नये.

हें सर्व ऐकून तो तरुण क्यूबाचें निश्चित करून पारपत्राच्या खटपटीस लागला आहे. निघण्यापूर्वीं एक दिवस त्यास आमच्या शेतावर बोलाविलें आहे. ह्या खेपेस सडकेकडे न थांबतां त्यास नाल्यापलीकडे नेण्याचा विचार आहे.