एकाच छपराखाली

अमेरिकेत मुलाकडे किंवा लेकीकडे राहून आलेल्या आपल्यातील वडीलधाऱ्यांनी तेथील औषधांची दुकाने पाहिली असतील. दूध, वह्या, खेळणी सारे काही तेथे मिळते. औषधांचा कक्ष बहुधा मागच्या बाजूस. आणि कित्येक वर्षे पुढच्या गल्ल्यामागे सिगारेटच्या पाकिटांची रांग असे. दम्याचे औषध घेणाऱ्या रुग्णाने पैसे चुकते करावयाचे ते तिच्यासमोरच!

ही विसंगती दूर करण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोने २००८ साली औषधदुकानांतील तंबाखूविक्रीस बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. परंतु औषधकक्ष असलेल्या मोठ्या किराणा भांडारांना त्या कायद्याने सूट दिली. तेव्हा 'वॉलग्रीन्स' ही दुकानांची साखळी न्यायालयात गेली. औषधविक्री दोन्हीकडे होत असता एकास बंदी आणि दुसऱ्यास मोकळीक, या भेदाला सयुक्तिक आधार नाही, असे तेथील अपील न्यायालयाने २०१० साली म्हटले.

आता बंदीच मागे घेणे सोपे होते. शहराने मात्र सूट काढून घेतली. ज्या छपराखाली औषध मिळते, त्या छपराखाली तंबाखू नाही, असा एकच नियम सर्वांना लागू झाला. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने तर १९९४ सालीच असा कायदा केला होता. पुढे २०१४ साली 'सीव्हीएस' या मोठ्या साखळीने आपण होऊन ही विक्री थांबविली.

"कोपऱ्यावरच्या दुकानात सिगारेट मिळतेच, मग लाभ काय?" असे कोणी विचारील. परंतु औषधाच्या दुकानावर लोकांचा विश्वास असतो. त्या विश्वासाची सावली तंबाखूवर पडू नये, एवढे तरी या नियमाने साधते.

आपल्याकडे औषधविक्रेते सहसा तंबाखू ठेवीत नाहीत, म्हणून आपण निश्चिंत राहावे काय? तंबाखूयुक्त दंतमंजनावर आपल्या देशात १९९२ साली बंदी आली. तरीही 'दातांना औषध' म्हणून तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करणारी घरे आहेत. मशेरीच्या डबीशेजारीच रक्तदाबाच्या गोळ्या ठेवलेल्या असतात. सॅन फ्रान्सिस्कोने दुकानांना घातलेला नियम त्या फळीला कोणता कायदा घालणार? तो घरच्यांनीच, आजीची समजूत काढून, प्रेमाने घालावयाचा आहे.