चावी आत, तुम्ही बाहेर: गाडी लॉक झाली तर मदत कुठून मिळते आणि काय करू नये?

मे महिन्यातली दुपार. रस्त्याकडेच्या रसवंतीसमोर एक गाडी थांबते. मागच्या सीटवर दोन वर्षांचं मूल झोपलेलं आहे, म्हणून इंजिन आणि एसी चालू ठेवून आई-बाबा दोघंही 'एकच मिनिट' म्हणत खाली उतरतात. तेवढ्यात मूल जागं होतं, पुढच्या सीटवर येतं, दारावरच्या बटणाशी खेळतं आणि 'टक' असा आवाज येतो. चारही दारं बंद. चावी आत, दोघांचे फोन आत आणि मूलही आत.

पाच मिनिटांत गर्दी जमते. कुणी पट्टी शोधतो, कुणी सांगतो की टेनिस बॉलने लॉक उघडतं, कुणी मोबाईल काढून व्हिडिओ सुरू करतो. नेमकं काय करायचं हे मात्र त्या गर्दीत फार थोड्यांना माहीत असतं.

गाडी लॉक होणं ही तशी किरकोळ गोष्ट आहे. बहुतेक वेळा तासाभराचा खोळंबा आणि थोडे पैसे, एवढ्यावर ती निभावते. पण ती किरकोळ आहे की जिवावरची, हे एकाच प्रश्नावर ठरतं.

गाडीत कोणी आहे का?

मूल, वयस्कर माणूस, आजारी व्यक्ती किंवा पाळीव प्राणी आत असेल तर चावीवाल्याची वाट बघण्याचा प्रश्नच येत नाही. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीचं तापमान विलक्षण वेगाने वाढतं. 2005 साली 'पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष आले होते. बाहेरची हवा फारशी गरम नसतानाही उन्हातल्या गाडीच्या आतलं तापमान तासाभरात सरासरी 22 अंश सेल्सिअसने वाढलं, आणि त्यातली सुमारे 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच बोटभर खाली ठेवूनही फारसा फरक पडला नाही. विदर्भ-मराठवाड्यात बाहेरच 42-43 अंश असताना हा हिशेब कुठे जातो ते वेगळं सांगायला नको. त्यात लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसाच्या तुलनेत तीन ते पाच पट वेगाने तापतं.

इंजिन आणि एसी चालू असेल तर थोडा वेळ हाताशी असतो. तो दोन कामांसाठी वापरायचा. एकाने कुणाचाही फोन घेऊन 112 वर कॉल करायचा. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका या तिन्हींसाठी देशभर हा एकच नंबर चालतो. शहरात असाल तर अग्निशमन दलाचा 101 सुद्धा लावता येतो. अडकलेल्यांची सुटका हे त्यांच्या रोजच्या कामातलंच काम आहे.

दुसऱ्याने मुलाशी बोलत राहायचं. मूल समजण्याइतकं मोठं असेल तर त्याला पुढच्या सीटवर यायला सांगून आतलं हँडल ओढायला लावा. अनेक गाड्यांमध्ये पुढचं दार लॉक असलं तरी आतून हँडल ओढल्यावर उघडतं. मागच्या दारांना चाइल्ड लॉक लावलेलं असेल तर ती आतून उघडत नाहीत, त्यामुळे तिकडे वेळ घालवण्यात अर्थ नाही. (मूल चाइल्ड सीटमध्ये बांधलेलं असतं तर ते बटणापर्यंत पोचलंच नसतं. पण चाइल्ड सीट आपल्याकडे अजून 'फॉरेनचं फॅड' समजली जाते.)

एसी बंद असेल, मूल घामाघूम झालेलं असेल, रडून रडून गप्प झालं असेल किंवा हाकेला प्रतिसाद देत नसेल, तर काच फोडायची. कुणाच्या परवानगीसाठी थांबायचं नाही.

काच फोडायची तर कोणती आणि कशी?

पुढची मोठी काच फोडण्याच्या भानगडीत पडू नये. ती लॅमिनेटेड असते, म्हणजे काचेच्या दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो. ती तडकते, पण फुटून मोकळी होत नाही. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांमध्ये टफन्ड असतात. त्या फुटल्या की त्यांचे बारीक, बोथट तुकडे होतात. म्हणून मुलापासून सर्वांत लांबची बाजूची काच निवडायची.

मारायचं ते मधोमध मारू नये. काच मध्यभागी थोडी लवचीक असते आणि घाव परतवते. कडेजवळ, खालच्या कोपऱ्यात टोकदार आणि कडक वस्तूने मारावं. इमर्जन्सी हॅमर कुणाकडे नसेलच असं धरून चाला, पण जवळच्या ट्रक किंवा रिक्षावाल्याकडे पाना, जॅकचा दांडा किंवा हातोडी नक्की मिळते. हाताला कापड गुंडाळा आणि तोंड दुसरीकडे वळवा. सीटचं हेडरेस्ट काढून काच फोडण्याचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. ते हेडरेस्ट गाडीच्या आत असतं, तेव्हा बाहेर उभ्या असलेल्याला त्याचा काय उपयोग?

मूल बाहेर काढल्यावर त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंग ओल्या कापडाने पुसा आणि वारा घाला. ते सुस्त असेल, शुद्धीत नसेल किंवा उलट्या करत असेल तर 108 ला फोन करून थेट दवाखाना गाठा. अर्धवट शुद्धीतल्या मुलाच्या तोंडात पाणी ओतू नका.

गाडी दुसऱ्याची असेल तर? मॉलच्या पार्किंगमध्ये अनोळखी गाडीत मूल तडफडताना दिसलं तरी 'उगाच केस अंगावर यायची' म्हणून लोक मागे सरतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम 19 मध्ये यासाठी आधार आहे. गुन्हेगारी हेतू नसताना, सद्भावनेने, एखाद्याच्या जिवाची किंवा मालमत्तेची हानी टाळण्यासाठी केलेलं कृत्य केवळ त्यातून नुकसान होणार हे माहीत होतं म्हणून गुन्हा ठरत नाही. जुन्या भारतीय दंड संहितेत हेच कलम 81 होतं. तरीही आधी 112 वर कळवा, आजूबाजूच्या दोघांना साक्षीला घ्या आणि मुलाची अवस्था दाखवणारा काही सेकंदांचा व्हिडिओ काढा. मोबाईलचा तेवढा उपयोग मात्र जरूर करावा.

आत कोणीच नाही, फक्त चावी आहे

मग घाई नाही. आधी चारही दारं आणि डिकी स्वतः ओढून बघा. हास्यास्पद वाटेल, पण डिकी नीट न लागल्यामुळे किंवा एखादं मागचं दार लॉक न झाल्यामुळे सुटलेले लोक पुष्कळ आहेत.

नंतर डुप्लिकेट चावी. घर तासाभराच्या अंतरावर असेल तर घरच्यांपैकी कुणाला ती घेऊन बोलावणं हा सर्वांत स्वस्त आणि सुरक्षित मार्ग आहे. नव्या गाड्यांमध्ये कंपनीच्या अ‍ॅपवरूनही लॉक उघडता येतं. ह्युंदाईचं ब्लूलिंक किंवा कियाचं किया कनेक्ट ही त्याची उदाहरणं. मात्र ही सोय सगळ्या मॉडेलमध्ये नसते, तिचं सबस्क्रिप्शन चालू असावं लागतं आणि गाडी नेटवर्कमध्ये असावी लागते. ताम्हिणी घाटात तिच्या भरवशावर राहू नये.

हे काहीच जमलं नाही तर रोडसाइड असिस्टन्स. विमा घेताना एजंट 'आरएसए टाकू का?' असं विचारतो, ते हेच. नवीन गाडीसोबत बऱ्याचदा कंपनीच ते काही वर्षं देते. पंक्चर, उतरलेली बॅटरी आणि टोइंग यांच्याबरोबर चावी आत राहणं किंवा हरवणं हेही बहुतेक योजनांमध्ये येतं. फोन केला की माणूस येऊन लॉक उघडून देतो. काही योजनांत घरून डुप्लिकेट चावी आणून देण्याची सोय असते. लॉक जागेवर उघडलं नाही तर गाडी उचलून वर्कशॉपला नेतात. वर्षातून किती वेळा आणि किती किलोमीटरपर्यंत ही सेवा मिळेल, याला मर्यादा असते. ती पॉलिसीत लिहिलेली असते.

गंमत अशी की त्यांचा नंबर असतो गाडीच्या मॅन्युअलमध्ये, आणि मॅन्युअल असतं डॅशबोर्डच्या खणात. मग माणूस गूगलवर 'कस्टमर केअर' शोधतो आणि इथे खरा धोका सुरू होतो. शोधात वर येणारे कितीतरी नंबर भामट्यांनी टाकलेले असतात. ते गोड बोलतात, 'रजिस्ट्रेशनसाठी फक्त दहा रुपये भरा' म्हणून लिंक पाठवतात किंवा एखादं अ‍ॅप डाउनलोड करायला लावतात. उन्हात वैतागलेला माणूस ते करतो आणि खातं रिकामं होतं. नंबर घ्यायचा तो कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून, पॉलिसीच्या पीडीएफवरून किंवा मागच्या काचेवरच्या स्टिकरवरून. मदतीआधी कुणी ओटीपी मागितला किंवा अ‍ॅप टाकायला सांगितलं तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर तक्रार करा.

राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर 1033 ही चोवीस तास चालणारी हेल्पलाइन आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग हे राज्य रस्ते विकास महामंडळाचे आहेत. तिथे नंबर आठवत नसेल तर 112 आहेच. आणि गाडी वेगाने वाहणाऱ्या लेनजवळ उभी असेल तर तिच्या मागे उभं राहून फोन करू नका. कठड्यापलीकडे जा. कुलपापेक्षा मागून येणारा कंटेनर जास्त घातक असतो.

नाक्यावरचा चावीवाला

जवळपास प्रत्येक बाजारपेठेत फुटपाथवर चाव्यांचा जुडगा टांगून बसलेला कारागीर असतो, आणि अनेकदा तोच सर्वांत लवकर पोचतो. मारुती 800 किंवा ओम्नीच्या काळात काचेच्या रबरी बीडिंगमधून लोखंडी पट्टी आत सरकवून लॉकची सळई खेचली की काम होत असे. आताच्या दारांमध्ये सळईऐवजी केबल असते, तिच्यावर आवरण असतं, आणि आत पॉवर विंडोच्या वायरी किंवा एअरबॅगचे सेन्सरही असू शकतात. तिथे पट्टी घुसवली तर लॉक न उघडता पाच-दहा हजारांचं काम निघू शकतं. जाणकार कारागीर हवेची छोटी पिशवी दाराच्या फटीत फुगवतो आणि लांब सळईने आतलं बटण दाबतो. म्हणून 'कसं उघडणार?' हे आधी विचारा आणि पैसे काम सुरू होण्याआधी ठरवा. प्रामाणिक चावीवाला तुमच्याकडे आरसी आणि ओळखपत्र मागेल. त्याचा राग मानू नका. जो काहीच न विचारता दार उघडून देतो, तो उद्या तुमची गाडी दुसऱ्यालाही उघडून देऊ शकतो. आरसी गाडीत असेल तर डिजिलॉकरवरची चालते.

व्हॉट्सअ‍ॅपवरचे उपाय

टेनिस बॉलला भोक पाडून तो किल्लीच्या भोकावर दाबण्याचा उपाय 'मिथबस्टर्स' या टीव्ही कार्यक्रमाने करून पाहिला होता. लॉक उघडलं नाही. दुसरा फॉरवर्ड म्हणजे घरच्यांना फोन लावून त्यांना रिमोटचं बटण फोनजवळ दाबायला सांगायचं. रिमोट रेडिओलहरी सोडतो आणि फोन फक्त आवाज पोचवतो, त्यामुळे त्यातून काहीच होत नाही.

रिमोट हातात आहे पण दार उघडत नाही, असंही होतं. त्यात बहुधा रिमोटचा सेल संपलेला असतो. जवळपास प्रत्येक स्मार्ट कीच्या पोटात एक साधी धातूची किल्ली लपवलेली असते. बाजूचं छोटं बटण सरकवलं की ती बाहेर येते. ड्रायव्हरच्या दाराला भोक दिसत नसेल तर ते हँडलच्या टोपणाखाली असतं. गाडीची बॅटरी पूर्ण उतरली असली तरी दार याच किल्लीने उघडतं.

चावी आत नाही, हरवलीच आहे?

मग काम वाढतं. आजच्या बहुतेक चाव्यांमध्ये इमोबिलायझरची चिप असते. नुसते दाते कापून केलेल्या चावीने दार उघडेल, इंजिन सुरू होणार नाही. नवी चावी गाडीशी जोडून घ्यावी लागते आणि खर्च हजारांत जातो. 'की रिप्लेसमेंट' हे अ‍ॅड-ऑन घेतलेलं असेल तर विम्यातून भरपाई मिळते, पण त्यासाठी पोलिसांकडे हरवल्याची नोंद लागू शकते. ती नोंद तशीही करून ठेवा. उद्या गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते, आणि एकच दिली तर दुसरी कुठे गेली हे कागदावर दाखवावं लागतं. बऱ्याच गाड्यांबरोबर चावीचा नंबर कोरलेली छोटी पट्टी मिळते. वर्कशॉपमध्ये नवी चावी करताना तो नंबर विचारतात, त्यामुळे ती पट्टी चावीच्याच रिंगमध्ये अडकवून ठेवू नये.