बालाघाटावरची देवघरे आणि माळवदे

अंबाजोगाईला येणारा माणूस बहुतेक वेळा योगेश्वरीच्या दर्शनाला येतो. कोकणातल्या कितीतरी घराण्यांची ही कुलदेवता. त्यामुळे रत्नागिरी-चिपळूणकडची मंडळी घाट चढून, अख्खा देश ओलांडून, बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरावर वसलेल्या या गावी पोचतात. ओटी भरली जाते, प्रसाद घेतला जातो आणि गाडी सुमारे पंचवीस किलोमीटरवरच्या परळी वैजनाथाकडे निघते. जुन्या पेठेच्या बोळांतून कुणी फिरत नाही. अंबाजोगाईचे खरे वैभव मात्र त्या बोळांत आहे.

तिथे ‘थोरले देवघर’ आणि ‘धाकटे देवघर’ नावाचे दोन वाडे आहेत. सोळाव्या शतकातले दत्तभक्त कवी दासोपंत (१५५१–१६१५) यांच्या वंशजांच्या दोन शाखांचे हे वाडे. दासोपंत मूळचे नारायणपेठचे, देशपांडे घराण्यातले. बिदरच्या दरबारी महसूल थकला म्हणून लहानग्या दासोपंतांना ओलीस ठेवले आणि पैसा भरण्याची मुदत टळायच्या आत दत्ताजी पाडेवार नावाच्या माणसाने येऊन सगळी बाकी चुकती केली, अशी कथा सांगतात. तो पाडेवार म्हणजे साक्षात दत्तात्रेय, ही भक्तांची श्रद्धा. पुढे दासोपंत अंबाजोगाईला स्थिरावले ते कायमचे. त्यांच्या लेखनाचा पसारा एवढा, की रोज ढब्बू पैशाची शाई त्यांना लागे, असे परंपरा सांगते. एकट्या ‘गीतार्णवा’च्या ओव्या सव्वा लाख मानल्या जातात.

या पसाऱ्यातली सगळ्यात विलक्षण वस्तू म्हणजे पासोडी. दासोपंतांनी पंचीकरणाचा, म्हणजे पंचमहाभूतांपासून सृष्टी कशी घडते याचा, विषय कागदावर न मांडता कापडावर लिहिला. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा त्या पट्ट्यावर ओव्या आहेत, तत्त्वांची मांडणी दाखवणाऱ्या आकृत्या आहेत. पोथीचे पान उलटले की मागचे नजरेआड होते. पासोडी उलगडली की सगळा विचार एकदम समोर पसरतो. पण ती उलगडायची कुठे? वाड्याचा खण साधारण पाच फुटांचा धरला, तर तिला आठ खणांचा सोपा लागतो. दासोपंतांचे हे काम अशा घरांच्या मापातच सुचू शकले असावे, असे वाटत राहते. चारशे वर्षे ते कापड टिकले, यात वंशजांच्या पिढ्यांचा वाटा फार मोठा आहे. पुढे न. शे. पोहनेरकरांनी तिचे संपादन केले आणि ती अभ्यासकांच्या हाती आली.

या देवघरांभोवतीची जुनी वस्ती माळवदांची. मराठवाड्यातले माळवद म्हणजे सपाट धाब्याचे घर. दगड-मातीच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती, त्यांवर सागाच्या किंवा बाभळीच्या तुळया, तुळयांवर लाकडाच्या किलच्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती चिकट. नीट चोपली की पाणी झिरपू देत नाही. मृगाआधी धाब्यावर नवी माती टाकायची, उगवलेले गवत उपटायचे, पन्हाळ मोकळी करायची, ही घरातल्या माणसांची वार्षिक कामे. रस्त्याकडून आत शिरले की आधी ढाळज लागते. पाव्हणेरावळे, देणी-घेणी, भांडणतंटे सगळे तिथेच. तिच्यापलीकडे चौक, सोपा, माजघर. भिंतीत कोनाडे, जमिनीत धान्याचे बळद. बाहेर वैशाखाचे ऊन पोळत असताना आत अंगाला गारवा लागतो, कारण एवढी माती तापायलाच दिवस मावळतो.

हीच माती ३० सप्टेंबर १९९३ ला शेजारच्या लातूर-धाराशिव जिल्ह्यांत माणसांच्या अंगावर आली. किल्लारीच्या भूकंपात हजारो लोक मेले, ते मुख्यतः निखळलेल्या दगडी भिंतींखाली आणि धाब्याच्या वजनाखाली. अंबाजोगाई वाचली, पण जुन्या घरावरचा विश्वास उडाला. त्यानंतर माळवद उतरवून स्लॅब टाकणाऱ्याला दोष देता येत नाही. वाटण्या झालेल्या, वारस पुण्या-मुंबईला गेलेल्या वाड्यात दर उन्हाळ्याला माती टाकणार कोण, हाही प्रश्न होताच. तरीही कोरीव तुळई जळणाच्या भावात विकली जाते तेव्हा जीव हळहळतो.

याला दुसरी वाट असू शकते. इटलीच्या अब्रुत्सो प्रांतातले सांतो स्तेफानो दि सेस्सानिओ हे असेच डोंगरावरचे, ओस पडत चाललेले गाव. तिथली जुनी दगडी घरे त्यांची मूळ ठेवण न बिघडवता दुरुस्त केली गेली आणि गावभर विखुरलेल्या त्या खोल्यांत पाहुणे राहू लागले. २००९ च्या भूकंपात तिथला मध्ययुगीन बुरूज कोसळला. गावाने तो तसाच पडू दिला नाही. तो पुन्हा उभारला गेला.

अंबाजोगाईकडे घरांपेक्षाही जुना ऐवज आहे. गावालगतची शिवलेणी खडकात खोदलेली. तिच्या आवारातल्या दगडी हत्तींमुळे लोक तिला हत्तीखाना म्हणतात. यादव राजा सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याचे शिलालेख इथे सापडले. त्यातला शके ११६२ (इ.स. १२४०) चा लेख वाचताना काळजाला हात घातला जातो. खोलेश्वराचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत मारला गेला आणि त्याच्या स्मरणार्थ बहीण लक्ष्मीने मंदिर बांधले, असे तो सांगतो. भावासाठी देऊळ उभारणाऱ्या या बाईचे नाव गावात आणखी ठळकपणे लागायला हवे. बाराखांबी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सकलेश्वर मंदिराच्या परिसरात पुरातत्त्व विभागाने २०२४ मध्ये उत्खनन केले, तेव्हा आणखी दोन मंदिरांचे पाये हाती लागले.

निजामाच्या काळात गावाचे नाव मोमिनाबाद झाले आणि इथे घोडदळाची छावणी होती. १९१७ साली योगेश्वरी शाळा निघाली. १९३०च्या दशकात स्वामी रामानंद तीर्थ तिचे मुख्याध्यापक होते आणि इथूनच ते हैदराबादच्या मुक्तिलढ्यात उतरले. आज त्यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय गावाची ओळख बनले आहे.

देवळांना आणि लेण्यांना निदान पुरातत्त्व खात्याचा फलक मिळतो. वाड्यांची मात्र मोजणी, नकाशे, छायाचित्रे एवढी नोंद तरी तातडीने व्हायला हवी. उभी माळवदे दर पावसाळ्यात कमी होत आहेत. ज्यांना ती पाहायची आहेत त्यांनी मार्गशीर्षात यावे. दत्तजयंतीला दोन्ही देवघरांत उत्सव असतो आणि बाहेरच्या माणसालाही आत जाता येते. दर्शन झाल्यावर लगेच परळीची गाडी न पकडता, घरच्यांना विचारून, एखाद्या ढाळजेत टेकावे आणि वर बघावे: तुळया, किलच्या आणि मातीचा थर तिथे अजून एकमेकांवर तसेच रचलेले दिसतील.