बालसंगोपन आणि चौथे शील

विहारात आपण पंचशील ग्रहण करतो. चौथ्या शीलाने खोटे बोलण्यापासून अलिप्त राहण्याची प्रतिज्ञा करतो. घरी आल्यावर मात्र दोन वर्षांच्या मुलाने भाताचा घास थुंकला की "खा, नाहीतर बागुलबुवा येईल!" हे वाक्य आपल्या तोंडून सहज निघते. लहान मुलाला काय कळते, असे म्हणून आपण ते खोट्यात धरीतच नाही. आमच्या मते मुले वाढविताना येणाऱ्या रोजच्या कितीतरी अडचणी येथेच सुरू होतात.

तथागतांनी राहुलाला याच विषयावर उपदेश केला होता. परंपरेनुसार राहुल तेव्हा सात वर्षांचा होता. भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवून, जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याजवळ श्रमणत्व तेवढेच उरते, हे त्यांनी समजावले. थट्टेतही खोटे बोलू नये असे सांगितले. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात भिक्षूंबरोबर उपासक-उपासिकांनीही हा उपदेश ऐकावा असे म्हटले आहे. म्हणजे तो केवळ चीवरधाऱ्यांसाठी नाही.

आता आपल्या घराकडे वळू. कर्नाळा परिसरातील अनेक माता सकाळीच पनवेल, तळोजा किंवा मुंबईला कामावर निघतात. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. पुढे कायदा झाला आणि 2017 साली पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा 26 आठवड्यांची झाली. (घरकाम करणाऱ्या आणि वीटभट्टीवर राबणाऱ्या आपल्या भगिनींच्या वाट्याला ती येत नाही, हे दुःख वेगळेच.) रजा संपते तेव्हा मूल सहा महिन्यांचे असते. आठव्या-नवव्या महिन्यात ते माणसे ओळखू लागते आणि आई दिसेनाशी झाली की रडते. आई कोठेतरी आहे एवढे त्याला कळू लागलेले असते. ती परत केव्हा येईल हे कळत नाही. अशा वेळी आजी त्याला मागच्या अंगणात कावळा दाखविते आणि आई पुढच्या दाराने निसटते. त्या दिवशी रडणे टळते. दुसऱ्या दिवसापासून मूल आईचा पदर सोडीत नाही, न्हाणीघरापर्यंत मागे येते. लोक म्हणतात, मूल हट्टी झाले. वास्तविक त्याने पहारा सुरू केलेला असतो.

यावर उपाय साधा, पण मनाला जड आहे. मुलाला सांगून, हात हलवून जावे. रोज तेच शब्द वापरावेत, आणि एकदा निरोप घेतला की उंबऱ्यात रेंगाळू नये. मूल रडेल, आजीने जवळ घेतले की बहुधा थोड्या वेळात शांत होईल. सुट्टीच्या दिवशी पदराआड तोंड लपवून "बुवा कुक" खेळावे. गेलेले माणूस परत येते, हा धडा त्या खेळात आहे.

दुसरी धमकी सुईची. "रडलास तर डॉक्टर सुई टोचतील!" लसी दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नऊ महिने आणि मग 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान द्यावयाच्या असतात. शेवटच्या वेळी मुलाला पूर्वीचे बोलणे आठवते आणि ते आरोग्य केंद्राच्या पायरीवरच आकांत मांडते. ज्या परिचारिकेवर त्याने विश्वास ठेवायचा, तिलाच आपण राक्षसीण केलेले असते. "थोडे दुखेल, मी धरून बसते," एवढे सांगणे पुरे. अंगावर पिणाऱ्या बाळाला टोचताना पाजत राहिले तर ते कमी रडते.

जेवणाच्या वेळी आमच्या भागात माकडाचे भय दाखवितात. मग त्याच मुलाला खांद्यावर बसवून कर्नाळ्याच्या अभयारण्यात माकडे दाखवायला नेतात आणि ते घाबरून बापाच्या मानेला मिठी मारते! खरे तर पहिल्या वर्षात वजन तिप्पट होते, दुसऱ्या वर्षात वाढ मंदावते, म्हणून भूकही कमी होते. मूल खेळत असेल आणि वजन योग्य वाढत असेल, तर चार घास कमी खाल्ल्याने बिघडत नाही. शंका असल्यास अंगणवाडीत वजन करून पाहावे.

वडिलांनीही हे आईवर सोडू नये. "संध्याकाळी चिक्की आणतो" म्हटले तर आणावी. विसरलात तर विसरलो म्हणावे. दुकान बंद होते असे सांगू नये.