शोधनिबंधातली भावना कशी ओळखावी?

‘नॉव्हेल’, ‘रोबस्ट’, ‘इनोव्हेटिव्ह’, ‘अनप्रेसिडेंटेड’. अशा 25 कौतुकाच्या शब्दांचा माग नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 1974 ते 2014 या काळातल्या वैद्यकीय शोधनिबंधांच्या सारांशांत काढला. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने 2015 मध्ये छापलेल्या या अभ्यासानुसार 1974-80 दरम्यान असे शब्द 2 टक्के सारांशांत होते; 2014 पर्यंत प्रमाण 17.5 टक्क्यांवर गेले. तटस्थ शब्दांत अशी वाढ नव्हती, सर्वसाधारण पुस्तकांतही नव्हती. उत्साह वाढला तो शास्त्रीय लेखनातच. छापून येण्यासाठीची चढाओढ हे त्यामागचे कारण मला पटते.

शब्दमोजणी मात्र फसवूही शकते. संगणकाच्या साध्या भावकोशात, म्हणजे शब्दांना सकारात्मक किंवा नकारात्मक ठरवणाऱ्या यादीत, ‘कर्करोग’, ‘मृत्यू’, ‘त्रुटी’ हे शब्द नकारात्मक ठरतात. वैद्यकीय निबंधात ते निव्वळ विषयाचे नाव असतात. उलट खरी भावना अनेकदा संयमात दडलेली असते. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा निबंध 25 एप्रिल 1953 रोजी ‘नेचर’मध्ये आला. ही रचना आनुवंशिक द्रव्याची नक्कल कशी होत असेल तेही सुचवते, ही केवढी मोठी गोष्ट! पण ती त्यांनी शेवटाकडे एकाच वाक्यात, ‘आमच्या नजरेतून सुटलेली नाही’ अशा नकाराच्या आडून सांगितली. कोणत्याही शब्दयादीला त्यातला आनंद सापडणार नाही.

शब्द कधी उत्साह फुगवतात, कधी लपवतात; म्हणून निबंध वाचताना विशेषणे बाजूला ठेवा आणि आधी आकडे पाहा.